मोबाईल नंबरचीही सरासरी काढून देणारं हत्यार : आरमधल्या डीप्लायरच्या 'अक्रॉस'चा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी प्रोग्रामर नाही. शिक्षण अ‍ॅग्रीचं, नोकरी एका माती तपासणी लॅबमध्ये, आणि आर (आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा) शिकले ती नाईलाजाने. डीप्लायर हे तिच्यातलं एक पॅकेज, म्हणजे तयार फंक्शनचा संच, आणि अक्रॉस त्यातलं एक फंक्शन. त्यामुळे हा रिव्ह्यू कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, रोज कंटाळवाण्या फाईली उपसणाऱ्या बाईचा आहे असं समजून वाचा.

काम काय असतं ते सांगते. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून सुरू झाली, त्यात एका नमुन्याचे बारा आकडे असतात : सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, मग नत्र स्फुरद पालाश गंधक, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यात जस्त लोह तांबे मंगल (मँगनीज) बोरॉन. आमची फाईल पण त्याच धर्तीची. एका ओळीत एक शेतकरी, एक गट नंबर, बारा आकडे. आता सरांना हवं काय असतं, तर तालुकावार सरासरी, बाराच्या बारा, आणि उद्या सकाळी. म्हणजे गट पाडा आणि एकाच वेळी भरपूर कॉलमचा सारांश काढा, एवढंच. ऐकायला सोपं आहे, माझी यात दोन वर्षं गेली.

एक्सेलचं पिव्होट टेबल सगळ्यांनी केलेलं असतंच. मीही केलं. बारा कॉलम एकेक करून खाली ओढायचे, आणि ज्या कॉलममध्ये कुठेतरी एक जरी अक्षर पडलेलं असेल तिथे एक्सेल गुपचूप सरासरीच्या जागी काउंट लावतं, मग प्रत्येकावर राइट क्लिक करून अ‍ॅव्हरेज करत बसा. बरं मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा तर साध्या पिव्होटमध्ये तो पर्यायच नाही. एका तालुक्याला चालेल, पण दर महिन्याला तेच तेच करताना माझी एकदा चूक झाली (लोहाची बेरीज गेली सरासरीच्या जागी, आकडा बघून सरांना वाटलं खाण सापडली) आणि त्या दिवशी ठरवलं की हे आता कोडने करायचं.

आर फुकट आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी सुरू केलेली भाषा, १.० आवृत्ती २००० साली आली, आणि गट पाडून सारांश काढायची सोय तिच्यात आधीपासूनच आहे. टीअ‍ॅप्लाय एका कॉलमला ठीक. जास्त कॉलम असतील तर अ‍ॅग्रिगेट. त्यात एक फॉर्म्युला लिहायची पद्धत आहे, टिंब, मग टिल्ड (~ ही खूण), मग तालुका, म्हणजे 'बाकीचे सगळे कॉलम, तालुक्यानुसार'. पहिल्यांदा चालवलं तेव्हा डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, एका ओळीत सगळं!

आणि तिथेच मी पहिल्यांदा तोंडावर आपटले.

झालं असं, बोरॉन आम्ही सगळ्या नमुन्यांचा करत नव्हतो. द्राक्षवाले, डाळिंबवाले मागायचे त्यांचाच. बाकीच्यांचा रकाना कोरा. आणि अ‍ॅग्रिगेटचा हा फॉर्म्युला प्रकार काय करतो, तर ज्या ओळीत कुठलाही एक रकाना कोरा असेल ती आख्खी ओळच फेकून देतो, सगळ्या कॉलमसाठी. न सांगता. म्हणजे मी जी तालुक्याची नत्राची सरासरी म्हणून पाठवली ती तालुक्याची नव्हतीच, ती बोरॉन तपासून घेणाऱ्या बागायतदारांची होती. ते खत भरपूर टाकणारे लोक. सरांनी फोन केला, "अगं, हा तालुका एवढा श्रीमंत कधीपासून झाला?" दोन दिवस मी लॅबच्या मशीनवर संशय घेत होते.

तुम्हाला घरी बघायचं असेल तर माझी फाईल नको, आरसोबत एअरक्वालिटी नावाचा डेटा येतोच. न्यूयॉर्कची हवा, मे ते सप्टेंबर १९७३, १५३ दिवस. त्यात ओझोनचे ३७ दिवस कोरे आहेत, सूर्यप्रकाशाचे ७, आणि तापमान मात्र सगळेच्या सगळे दिवस भरलेलं. आता जूनचं सरासरी तापमान सरळ काढलं तर ३० दिवसांचं ७९.१ फॅरनहाइट येतं. अ‍ॅग्रिगेटला टिंब देऊन काढलं की ७८.२ येतं, कारण जूनमध्ये ओझोनचे आकडे फक्त ९ दिवसांचे आहेत आणि त्या नऊ दिवसांवरच त्याने तापमान पण काढलं. १५३ पैकी १११ ओळी उरतात, आणि स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. वर टिंबामुळे 'डे' कॉलमचीही सरासरी येते, म्हणजे तारखेची सरासरी, ती कुणाला हवी असते काय माहीत.

(अ‍ॅग्रिगेटला एनए डॉट अ‍ॅक्शनमध्ये एनए डॉट पास दिलं आणि मीनला, म्हणजे सरासरी काढणाऱ्या फंक्शनला, एनए डॉट आरएम दिलं की हे सुटतं. एनए म्हणजे आरमधला कोरा रकाना, आणि एनए डॉट आरएम म्हणजे कोरे सोडून दे. मला ते फार उशिरा कळलं.)

तर मग डीप्लायर. हॅडली विकमचं पॅकेज, क्रॅनवर (आरच्या पॅकेजांच्या ऑनलाईन भांडारात) जानेवारी २०१४ ला आलं, त्याआधी त्याचंच प्लायर होतं. प्लायर म्हणजे आपली पक्कड. नाव बरोबर आहे, डेटा पकडायचा, पिळायचा, तोडायचा. यात मी जे वापरते ते ग्रुप बाय, मग समराइज, आणि समराइजच्या पोटात अक्रॉस. अक्रॉसला दोन गोष्टी द्यायच्या, कुठले कॉलम आणि त्यांचं काय करायचं. 'नत्रापासून बोरॉनपर्यंत, मीन' एवढं सांगितलं की झालं. गटाचा कॉलम तो स्वतःहून बाजूला ठेवतो. आणि मीनला एनए डॉट आरएम दिलं की प्रत्येक कॉलमचे कोरे रकाने त्या त्या कॉलमपुरते सुटतात, बोरॉन कोरा म्हणून नत्राचा आकडा मरत नाही. मला एवढ्या एका गोष्टीसाठी पाचपैकी चार तारे द्यावेसे वाटतात.

कॉलम निवडायच्या तऱ्हा तर मस्तच आहेत. अमुक अक्षरांनी सुरू होणारे, तमुकने संपणारे, किंवा 'जे जे आकडे आहेत ते सगळे'. हा शेवटचा, व्हेअर इज न्यूमेरिक, सगळ्यांचा लाडका, युट्यूबवर प्रत्येक जण हाच शिकवतो. मीही हाच वापरला आणि रिपोर्टमध्ये कॉलम आला, मोबाईल नंबरची सरासरी. तालुक्याचा सरासरी मोबाईल नंबर. शेजारी सरासरी पिनकोड, सरासरी नमुना क्रमांक. हसून हसून वाट लागली. पण आर चुकत नाहीये हो, आकडा म्हटलं की आकडा, त्याला काय माहीत त्यावर फोन लावायचा असतो.

हे निदान दिसतं तरी. न दिसणारा प्रकार जास्त वाईट. जस्ताच्या कॉलममध्ये लॅबच्या पोराने काही ठिकाणी 'बीडीएल' लिहिलं होतं, म्हणजे मशीनला पकडता येईल त्याच्या खाली. चार हजार ओळींत चार पाच ठिकाणी असेल. तेवढ्याने आख्खा कॉलम मजकूर झाला, मग इज न्यूमेरिक म्हणालं हा आकडा नाही, आणि जस्त रिपोर्टमधून गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. बाराच्या जागी अकरा कॉलम आले आणि अकरा कोण मोजतंय! महाराष्ट्रात जस्ताची कमतरता हा किती मोठा विषय आहे आणि माझ्या रिपोर्टमध्ये जस्तच नाही. तेव्हापासून मी बारा नावांची यादी आधी लिहून ठेवते आणि ऑल ऑफ मध्ये देते. एखादं नाव सापडलं नाही तर ते भांडतं, आणि कॉलम मजकूर असेल तर मीनही कुरकुर करतो. एनी ऑफ नावाचा भाऊ आहे त्याचा, तो सापडलं नाही तर गप्प बसतो, त्याच्या नादी लागू नका. 'नत्रापासून बोरॉनपर्यंत' हेही सोडलं मी, कारण मध्ये कुणी 'शेरा' नावाचा कॉलम घातला की तोही वरातीत सामील.

आता अक्रॉसचा एक नमुना सांगते जो मला अजूनही पटत नाही. तुम्ही समराइजमध्ये आधी नमुन्यांची संख्या काढली, 'संख्या बरोबर एन', आणि मग पुढे लिहिलं सगळ्या आकडी कॉलमचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) काढ. तर तो नुकत्याच काढलेल्या संख्येलाही आकडी कॉलम समजून तिचंही डेव्हिएशन काढतो, आणि एकाच आकड्याचं डेव्हिएशन काय येणार, एनए. मग तुमचा संख्येचा कॉलम एनए एनए एनए. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय म्हणे हे, असेल, पण दुकानदाराने पाटी लावली म्हणून पायरी तुटकी नाही असं होत नाही ना. उपाय सोपा आहे, संख्या शेवटी लिहा. तसंच नत्र बरोबर मीन नत्र लिहून पुढच्याच ओळीत नत्राचं डेव्हिएशन मागितलं तरी एनए, कारण तोवर नत्र म्हणजे ती एकच सरासरी झालेली असते. नावं वेगळी ठेवा.

एनए डॉट आरएमचं पण एक आहे. पूर्वी अक्रॉसमध्ये फंक्शननंतर स्वल्पविराम देऊन ते लिहिता यायचं, जानेवारी २०२३ च्या १.१.० मध्ये ती पद्धत बाद ठरवली, आता छोटं फंक्शन लिहायचं, उलटा स्लॅश, कंसात एक्स वगैरे. चालतं अजून, पण टोकतं. आणि ही बदलाबदली या पॅकेजचा जुना आजार आहे. पहिल्यांदा समराइज ईच होतं, मग समराइज अ‍ॅट, समराइज इफ, समराइज ऑल असे तिघे आले, मग २०२० मध्ये १.० आवृत्तीत अक्रॉस आला आणि ते तिघे अडगळीत. अडगळीत म्हणजे चालतात, कुणी काढलेले नाहीत, पण पुढे कुणी बघणार नाही त्यांच्याकडे. म्हणून नवीन माणूस गुगल करतो तेव्हा त्याला एकाच प्रश्नाला चार काळांतली चार उत्तरं सापडतात आणि त्यातली बरीच चालतात, मग तो ती एकमेकांत कालवतो. मी कालवली आहेत.

आणि आमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यात डीप्लायरचा दोष नाही पण कळली त्याच्यामुळे. मी तालुक्यावर गट पाडत होते. फक्त तालुक्यावर. आता खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि खेड रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. कर्जत अहिल्यानगरला आहे तसं रायगडला. रत्नागिरीच्या खेडची जांभ्या मातीची आंबट जमीन आणि पुण्याच्या खेडची जमीन एका गटात बसली आणि सरासरी सामू आला छान मधला, कुणालाही खटकणार नाही असा. दोन्ही खेडच्या शेतकऱ्याला तो आकडा निरुपयोगी. मी पकडलं ते सामू बघून नाही, नमुन्यांची संख्या बघून, एका तालुक्यात एवढे नमुने कुठून आले म्हणून. मग जिल्हा आणि तालुका दोन्हीवर गट.

दोन्हीवर गट पाडला की नवीन गंमत. समराइज झाल्यावर शेवटचा गट तेवढा सुटतो, जिल्ह्याचा गट तसाच चिकटून राहतो. तो तसा लाल अक्षरात मेसेज देतो, पण आपण सगळे लाल अक्षरं न वाचता पुढे जाणारी माणसं. पुढे टक्केवारी काढली तर ती एकूणाची नाही, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात येते, प्रत्येक जिल्हा शंभर टक्के. आता डॉट बाय आलंय, समराइजच्या आतच गट सांगायचा, काम झालं की गट सुटला. मी हल्ली तेच वापरते. फरक एवढाच की ग्रुप बाय गटांना क्रमाने लावून देतं आणि डॉट बाय फाईलमध्ये जो आधी दिसला तो आधी, सरांना अकारविल्हे हवं असतं मग अरेंज करा.

कोऱ्या तालुक्याबद्दल मात्र डीप्लायरचं कौतुक करते. तालुका लिहिलाच नाही अशा ओळींचा तो एनए नावाचा वेगळा गट करून सगळ्यात खाली दाखवतो. अ‍ॅग्रिगेट त्या ओळी टाकून देतो. आमच्याकडे एक नवीन पोरगा आलाय तो पायथॉनचं पांडाज वापरतो, तेही ग्रुपबायमध्ये कोरे गट आपणहून वगळतं, ड्रॉप एनए फॉल्स म्हणावं लागतं. त्याची आणि माझी एकूण नमुन्यांची बेरीज जुळत नव्हती, अर्धा दिवस आम्ही दोघं एकमेकांच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. आता निदान चहाच्या वेळी बोलायला विषय आहे.

तो पोरगा आणि त्याच्या आधीचे एक दादा, दोघंही मला डेटा टेबल घे म्हणून मागे लागलेले. मॅट डाउलचं पॅकेज, २००६ पासूनचं, वेगाला तोड नाही. त्यात चौकटी कंसात एलअ‍ॅप्लाय, डॉट एसडी, मग बाय, मग डॉट एसडी कॉल्स असं लिहायचं. डॉट एसडी म्हणजे त्या गटापुरता डेटाचा तुकडा, हे एकदा डोक्यात बसलं की छान आहे, आणि कोट्यवधी ओळी असतील तर हेच घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या चार हजार ओळींना डीप्लायर डोळा मिटून उघडेपर्यंत उत्तर देतं, आणि सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड वाचायचा तर डीप्लायरचा मला वाचता येतो. डेटा टेबलचा म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. वेळ मिळाला तर कोलॅप्स नावाचं पॅकेज पण बघा, गट, वजन सगळं घेतं आणि भन्नाट पळतं, मी दोनदाच वापरलंय म्हणून तारे देत नाही.

बरं, आता सामूचं सांगायचंच आहे, कारण अक्रॉसची खरी गोम इथे आहे. अक्रॉस म्हणतो बाराही कॉलमना एकच फंक्शन लाव. पण सामू लॉगमधला आकडा आहे. एक नमुना ६, एक नमुना ८, साधी सरासरी ७. हायड्रोजन आयनांचं प्रमाण काढून त्याची सरासरी घेऊन परत सामू केला तर येतो ६.३ च्या आसपास. कुठला बरोबर यावर लॅबमध्ये वाद घालू शकता, पण नत्राला लावलं तेच सामूला लावलं कारण ते एका ओळीत बसत होतं, हे काही कारण नाही ना. मी आता एकाच समराइजमध्ये दोन अक्रॉस लिहिते, एक मीनवाल्या कॉलमचा, एक मीडियनवाल्या. सामू आणि वाहकता मीडियनमध्ये. हे त्याला आरामात जमतं, आणि पिव्होटमध्ये हे जमलं नसतं.

फंक्शनची यादी पण देता येते, मीन, मीडियन, डेव्हिएशन, आणि माझं स्वतःचं एक, किती रकाने भरलेले होते ते मोजणारं. हे शेवटचं तर मी कधीच सोडत नाही आता. नावं नत्र_मीन, नत्र_संख्या अशी आपोआप पडतात, डॉट नेम्सने बदलता येतात. फक्त बारा कॉलम गुणिले चार, अठ्ठेचाळीस कॉलमचा पट्टा तयार होतो, तो छापला तर ए-फोरवर बसत नाही आणि स्क्रीनवर 'आणखी इतके कॉलम' असं म्हणून लपतो. शिवाय ज्या तालुक्यात बोरॉन एकाही नमुन्याचा नाही तिथे मीन एनएएन (म्हणजे 'हा आकडाच नाही') देतो, आणि मॅक्स मागितला तर वजा इन्फिनिटी. एकदा माझ्या रिपोर्टमध्ये कमाल बोरॉन वजा इन्फिनिटी पीपीएम छापून गेलंय. वॉर्निंग आली होती, पण सांगितलं ना, लाल अक्षरं.

म्हणून गेले काही महिने मी उलटं करतेय. आधी पिव्होट लाँगरने (हेही आरमधलंच फंक्शन, एक्सेलचं पिव्होट नव्हे) बारा कॉलम उभे करते, एक कॉलम घटकाच्या नावाचा, एक आकड्याचा. मग जिल्हा, तालुका, घटक या तिघांवर गट, आणि साधा समराइज, अक्रॉसशिवाय. तालुक्याला बारा ओळी, प्रत्येक ओळीत संख्या, कोरे, मीन, मीडियन शेजारी शेजारी. बोरॉनच्या ओळीत संख्या ९ आणि नत्राच्या ओळीत ३१० हे एकाखाली एक दिसतं, शोधावं लागत नाही. सरही हेच वाचतात, पट्टा वाचत नाहीत.

तर अक्रॉसला तारे साडेतीन. अर्धा कापला तो संख्येच्या एनएसाठी, एक कापला तो जस्तासाठी, जरी पाप त्या बीडीएलवाल्याचं असलं तरी. पिव्होट लाँगरला साडेचार. किंमत दोघांचीही शून्य, शिकायला मला एक दिवाळीची सुट्टी लागली. ज्यांच्या फाईलमध्ये सगळे कॉलम एका जातीचे आहेत, सगळे किलोत किंवा सगळे रुपयात, आणि कोरा रकाना जवळपास नाही, त्यांनी अक्रॉस डोळे झाकून घ्यावा. आमच्यासारख्यांनी आधी मोबाईल नंबरचा कॉलम कॅरेक्टर करून घ्यावा, मग बसावं.